वाट वाकडी करून

चिलोएच्या धक्क्यावर दुपारी तीनला
बोटीवरच्या पोराने दुरूनच हात आडवा केला.
उत्तरेचा वारा. आज नाही.
उद्याचंही सांगता येत नाही.

माझ्या गाडीत मागे दोन्या रोसाउरा,
वय एक्याण्णव, लाकडी पेटीत.
अंधारापूर्वी तिला तिच्या बेटावर पोचवायचं होतं.
तिकडे खड्डा खणून तयार, भाचे वाट बघत उभे,
आणि माझ्या खिशातल्या कागदावर
'मिळाली' अशी सही घ्यायची जागा कोरी.

बावीस वर्षं मी मेलेल्यांना वेळेवर पोचवतो.
देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही.
रस्ता सरळ असावा, टाकी भरलेली असावी,
एवढंच काय ते मागणं.

दक्षिणेच्या धक्क्यावरून बोट सुटेल, कुणीतरी म्हणालं.
गाडी वळवली खडीच्या रस्त्याला
आणि सातव्या किलोमीटरला पूल पाण्याखाली.
शिवी हासडली.
मग आरशात पेटी दिसली, तिची माफी मागितली.

पुलाच्या अलीकडे अकरा घरं, एक चॅपल.
एक बाई कोंबड्या आत घेत होती.
बेर्नार्दिता.
ओल्या हाताने काच पुसून तिने मागे डोकावलं.
"तिच्याजवळ कोण आहे?"
मी म्हटलं, मी आहे की.
"तू ड्रायव्हर," ती म्हणाली. "मी विचारते, तिच्याजवळ कोण आहे?"

होड्या बांधणारे सहा जण आले,
एकाच्या बोटांवर अजून डांबर ओलं.
त्यांनी तिला आत नेलं.
वर पाहिलं तर छत नव्हतं,
उलटी घातलेली होडी होती,
आणि आम्ही सगळे तिच्या पोटात.

अर्ध्या कापलेल्या बटाट्यांत मेणबत्त्या खोचल्या.
मग मला विचारलं, कशी होती ही?
मला काय ठाऊक!
मला फक्त वजन माहीत असतं.
म्हटलं, हलकी होती.
कोपऱ्यातला म्हातारा आउरेलिआनो मान हलवत म्हणाला,
"म्हणजे सगळं वाटून निघाली."

मग तिच्यासाठी रडायला
जो तो आपापलं घेऊन आला.
कुणाचं बाळ, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं.
कुणाचा बाप, ज्याच्याशी बोलणंच झालं नाही कधी.
बेर्नार्दिता उठून घरी गेली,
परत आली ती लोकरीची निळी टोपी घेऊन.
बारा वर्षांपूर्वी तिच्या भावाची होडी सापडली, भाऊ नाही.
ती टोपी तिने पेटीवर ठेवली,
"जाऊ दे हिच्याबरोबर. हिला जमीन मिळणार आहे."

मी मागच्या बाकावर बटाटे सोलत होतो.
सोलता सोलता तोंडातून नाव गेलं:
एदुविखेस.
कोण? शेजारच्याने विचारलं.
माझी आई.
ती गेली तेव्हा मी पुएर्तो माँतला
दुसऱ्याच कुणाला तरी वेळेवर पोचवत होतो.
तो काही बोलला नाही.
त्याने अजून एक मेणबत्ती पेटवली, बटाटा माझ्याकडे सरकवला.

पहाटे वारा पडला. पाणी उतरलं.
निघताना बेर्नार्दिता गाडीच्या मागच्या दाराला हात लावून म्हणाली,
"वाट वाकडी करून आली आमच्याकडे.
हल्ली असं कोण येतं?"

बेटावर भाचे चिडलेले.
कागदावर एक रकाना असतो, उशिराचं कारण.
मी लिहिलं 'वारा'.
खोडलं. 'पूल' लिहिलं.
तेही खोडलं, आणि तसाच कागद पुढे केला.

थोरल्या भाच्याने सही केली, मग थबकला.
ही टोपी कुणाची?

मी म्हटलं,
रस्त्यात एक जण चढला.